केर कोण काढतं?

फोनवर येणारी तक्रार चार-पाच ठरावीक वाक्यांतलीच एखादी असते. ‘सर, रोबो गोल गोल फिरतोय.’ ‘मध्येच थांबतो आणि इंग्लिशमध्ये काहीतरी बोलतो.’ ‘चार्जिंगला जातच नाही.’ ‘फिरतो सगळीकडे, पण ओढत काही नाही.’ पत्ता बहुतेक वेळा पुण्याकडच्या बाणेर, वाकड, खराडी किंवा पिंपळे सौदागरचा, आणि बोलणारा घरातला कर्ता पुरुष. तो ऑफिसातून बोलत असतो. यंत्र त्यानं आणलेलं, ॲप त्याच्या फोनमध्ये. यंत्र चालतं त्या वेळी मात्र तो घरी नसतो.

मी मूळचा मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा. ती कामं आजही करतो. 2020च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांनी कामवाल्या मावशींना गेटवरच अडवलं आणि फरशी झाडण्याची वेळ ज्यांच्यावर कधी आली नव्हती त्यांच्यावर ती आली. त्यानंतर केर काढणाऱ्या या रोबोच्या चकत्या घरोघर दिसायला लागल्या. वॉरंटी संपत गेली तसे मला फोन येऊ लागले. मिक्सर बिघडला की बिघाड मिक्सरमध्ये सापडतो. या यंत्राचा बिघाड पुष्कळदा यंत्राबाहेर, घरात असतो. पडद्यात, पाण्यात, फरशीच्या रंगात, नाहीतर कुणाच्या तरी सवयीत. आणि ती सवय फोन करणाऱ्याला माहीत नसते.

घरात शिरलो की आधी वर्तमानपत्र मागतो आणि यंत्र त्यावर उलटं ठेवतो. कित्येकांनी आपल्या यंत्राची खालची बाजू पहिल्यांदा पाहिलेली असते ती तेव्हाच. ‘गोल फिरतोय’ याची कारणं बहुधा दोनच. यंत्राला दोन मुख्य चाकं असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र मोटर. एका चाकाच्या दांड्यावर केस गुंडाळले गेले की ते जड होतं, मग सरळ जायच्या नादात यंत्र त्या चाकाभोवतीच गिरक्या घेतं. दुसरं कारण पुढचा बंपर. तो भिंतीला टेकला की किंचित आत जातो, आतल्या सेन्सरला कळतं, यंत्र मागे सरून वळतं. आत गेलेला बंपर बाहेरच आला नाही तर यंत्राच्या हिशोबानं समोर कायमची भिंत उभी आहे, आणि ते वळतच राहतं. एका घरी बंपरच्या फटीत साबुदाणा निघाला. भिजवलेला असताना आत सरकला आणि तिथे वाळून खडा झाला. तपासायला हत्यार लागत नाही. यंत्र बंद करून बंपर डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये बोटानं दाबायचा. सुटला की तो लगेच परत बाहेर यायला हवा. न आल्यास दात घासायचा जुना ब्रश फटीतून फिरवायचा. नव्वद टक्के लोक याऐवजी फॅक्टरी रीसेट करतात, आणि घराचा नकाशाही घालवून बसतात.

केसांबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण माझं निम्मं पोट त्यांच्यावर चालतं. मधल्या मोठ्या ब्रशवरचा गुंता सगळ्यांना दिसतो. तो कात्रीनं कापून लोक म्हणतात, ‘ब्रश साफ केला तरी तीच एरर येतेय.’ पण केस ब्रशच्या मध्यावर थांबत नाहीत. ब्रश फिरतो तसे ते टोकांकडे सरकतात आणि बेअरिंगमध्ये शिरतात. तिथे त्यांचा इतका घट्ट पेड बसतो की घर्षणानं तापून टोकाचं प्लास्टिक वितळलेलं मी पाहिलं आहे. मोटरला जोर लावावा लागतो, ती जास्त करंट ओढते, आणि बोर्ड तिला वाचवायला सगळं बंद करतो. टोकाची टोपी उपसून आत पाहायचं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पुढचं छोटं चाक नुसतं ओढलं की हातात येतं, हेही नसतं. ते काढलं की खाली नमद्यासारखा दाबलेला केर निघतो. केसांशिवाय बाकीचं काय सापडतं त्यावरून घर कळतं. गजऱ्याचा दोरा, फुलवातींचा कापूस, राखीचा गोंडा, संक्रांतीनंतर मांजा. एकदा एकाच यंत्रात पाच-सहा रंगांचे दोरे निघाले. ‘घरात गोधड्या कोण शिवतं?’ विचारल्यावर घरमालक बघतच राहिले. आतल्या खोलीत त्यांची आई शिवत होती.

‘हा ब्रश शेवटचा कधी काढला होता?’ हा माझा नेहमीचा प्रश्न. साहेब बायकोकडे बघतात. बायको स्वयंपाकघराकडे बघते. आणि उत्तर तिकडून, भांड्यांच्या आवाजातून येतं. हे इतक्या घरांत झालं आहे की आता मी प्रश्न त्याच दिशेला तोंड करून विचारतो.

बाणेरला पश्चिमेकडे बाल्कनी असलेला एक फ्लॅट होता. साहेबांनी ॲपमधल्या सगळ्या नोंदी काढून ठेवल्या होत्या. यंत्र रोज संध्याकाळी पाचला सुरू होतं, काही दिवस काम पूर्ण करतं आणि काही दिवस दिवाणखान्याच्या मध्यावर ‘क्लिफ सेन्सर’ची एरर देऊन थांबतं. त्यांचा संशय आधी वाय-फायवर, मग अपडेटवर. मी खालचे सेन्सर पुसले, चाकं पाहिली, सगळं ठीक. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘ऊन आत आलं की थांबतंय बघा ते. मी पडदा वढते, मग जातंय.’ मावशी यायच्या त्या दिवशी पडदा ओढला जायचा. त्यांची सुट्टी असली की यंत्र अडायचं. या यंत्रांच्या पोटाला कडेकडेनं इन्फ्रारेड सेन्सर असतात. ते खाली किरण सोडतात आणि फरशीवरून परतलेला किरण मोजतात. किरण परतला नाही म्हणजे पुढे खड्डा किंवा जिना आहे असं समजून यंत्र मागे फिरतं. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड भरपूर असतं. संध्याकाळचं तिरपं ऊन गुळगुळीत टाइल्सवरून चमकून थेट पोटाखाली शिरलं की सेन्सरचा हिशोब चुकतो. मी ॲपमधली पाचची वेळ सकाळी अकराची केली. साहेबांनी मला फी दिली. खरं तर निदान मावशींचं होतं, आणि ते मी त्यांच्यादेखत साहेबांना सांगितलंही.

याच सेन्सरमुळे काळ्या रंगाची पंचाईत होते. काळा पृष्ठभाग किरण गिळतो, परत फारसं काही येत नाही. पांढऱ्या फरशीला चारी बाजूंनी काळ्या ग्रॅनाइटची पट्टी लावायची फॅशन आहे. दाराच्या चौकटीतही काळा कडप्पा असतो. आपल्याला ती नक्षी वाटते, यंत्राला दरी. एका गृहस्थांचं यंत्र फक्त बेडरूम झाडायचं, कारण बेडरूमच्या दारात कडप्प्याचा पट्टा होता आणि चार्जिंगचा डॉक आत. त्यांनी कुठेतरी पाहून सेन्सरवर पांढरा कागद चिकटवायचा उपाय शोधला होता आणि तो माझ्याकडून नीट करून हवा होता. कागद लावला की सेन्सरला कायम जमीनच दिसते, पट्टा ओलांडला जातो. पण त्यांचं घर ड्युप्लेक्स. मी नाही म्हटलं. जिना असलेल्या घरात हे काम मी करत नाही, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. त्यांना म्हटलं, डॉक बाहेर हॉलमध्ये आणा आणि बेडरूमपुरतं यंत्र हातानं आत ठेवा. पट्टा उंच असेल तर तोही प्रश्न असतोच. साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत ही यंत्रं चढतात. जुन्या वाड्याच्या उंबरठ्यापुढे त्यांचं काही चालत नाही. सुताराकडून लाकडी उतार करून घेतलेले लोकही मला भेटले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या जो उंबरठा तसाच राहिला तो यंत्रासाठी उतरता झाला, याची मला गंमत वाटते.

सहकारनगरला एक आजी होत्या. त्यांच्या मुलाची तक्रार अशी की यंत्र रोज ‘पोझिशन लॉस्ट’ म्हणतं आणि हॉलमध्ये भलतीच खोली समजून फिरतं. यंत्र लेझरवालं होतं. डोक्यावरच्या टोपीत लेझर सेकंदाला साधारण पाच फेऱ्या मारतो, भिंतींची अंतरं मोजतो, आणि त्यावरून नकाशा बनतो. मी टोपी तपासली, काच पुसली. आरसे आणि काचेची सरकती दारं पाहिली, कारण लेझर काचेतून आरपार जातो आणि यंत्राला नसलेली खोली दिसते. तसं काही नव्हतं. शेवटी आजींना विचारलं, सकाळी हे चालू असताना तुम्ही कुठे असता? ‘पूजेला बसलेली असते. पाटाला येऊन धडकतं मेलं. मग उचलते आणि मांजर सोडावं तसं आतल्या खोलीत नेऊन सोडते.’

रोबोटिक्सवाल्यांनी या प्रकाराला चक्क ‘किडनॅप्ड रोबो’ असं नाव दिलेलं आहे. चालत्या यंत्राला न सांगता उचलून दुसरीकडे ठेवलं तर आपण कुठे आहोत हे त्यानं कसं ओळखायचं, हा त्या शास्त्रातला जुना प्रश्न. 2002 साली आलेल्या पहिल्या रुम्बा रोबोला आजींनी उचललं असतं तर काही बिघडलं नसतं. त्याच्याकडे नकाशाच नव्हता. ते आपलं धडकायचं, वळायचं, पुन्हा निघायचं, आणि पुरेसा वेळ दिला की बहुतेक फरशी झाडून व्हायची. लेझरनं काढलेले नकाशे निआटो कंपनीच्या यंत्रात 2010 साली आले, आणि नकाशांबरोबर हरवणंही आलं. मुलानं ॲपमध्ये देवघरापुढे मनाई-रेषा आखली. तरी आजींना रेषेवर भरवसा नव्हता. मग मी पॉजच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवून दिली. आधी टिकली दाबायची, मग उचलायचं, आणि जमलं तर उचललं तिथेच परत ठेवायचं. आता त्या उचलतही नाहीत, नुसती टिकली दाबतात.

पुसण्याची टाकी असलेल्या यंत्रांचा वेगळाच संसार. टाकीत साधं पाणी घाला असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण फिनेलशिवाय पुसलेली फरशी आपल्याकडे पुसलेली मानत नाहीत. फेस होतो, बारीक नळ्या चिकटतात, पोटाच्या सेन्सरवर चिकट थर बसतो. त्याहून मोठं दुखणं पाण्याचं. वाकड-बाणेर पट्ट्यात टँकर आणि बोअरचं पाणी. नळाच्या तोटीवर जे पांढरं चढतं तेच पंपाच्या तोंडाशी चढतं आणि पोछा कोरडा राहतो. आरओच्या नळीतून जे टाकाऊ पाणी बादलीत जमतं, ते लोक काटकसर म्हणून टाकीत भरतात. काटकसर चांगली, पण आरओ जे क्षार गाळतो ते सगळे त्याच बादलीत असतात. घरातलं सर्वांत जड पाणी तेच. झाडांना किंवा संडासात वापरा, यंत्रात नको. साचलेले क्षार काढायला किराणा दुकानात मिळणारं लिंबाचं फूल कोमट पाण्यात विरघळवून टाकीत काही वेळ ठेवतो आणि मग दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुतो. टाकी यंत्रातून बाहेर निघत असेल तरच. आतलं इलेक्ट्रॉनिक्स कुणीही धुवायला जाऊ नये. हे सांगायची गरज नसावी, पण आहे.

दिवाळी संपली की माझा हंगाम सुरू होतो. रांगोळी म्हणजे दळलेला दगड. दारातली रांगोळी पायानं आत येते, यंत्र ती ओढतं, आणि ती पिशवीत किंवा डब्यात न थांबता सरळ फिल्टरच्या घड्यांमध्ये बसते. वरून फिल्टर फक्त राखाडी दिसतो, पण हवा जात नाही. शेजारी नवी इमारत उठत असेल तर सिमेंटची धूळही तेच करते. मग तक्रार येते, ‘ओढत नाही, सक्शन मोटर गेली.’ मोटर क्वचितच गेलेली असते. फिल्टर हलकेच आपटून झटकला, की अर्धा जीव परत येतो. काही फिल्टर धुता येतात, काहींवर पाणी पडलं की कागद गेलाच. आणि धुतलेला फिल्टर ओला असताना परत बसवला की आत कुबट वास धरतो, ओलसर केराची माती होते. पूर्ण दिवस वाळवा, हे मी सांगतो आणि सगळे मान डोलावतात. ज्यांना दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार असतात ते मात्र तसाच बसवतात.

डॉकवर न जाण्याची तक्रार आली तर मी आता फोनवरच विचारतो, ‘डॉकच्या मागचं बटण चालू आहे का?’ परदेशातल्या पुस्तिकांमध्ये हा प्रश्न नसतो, कारण पुष्कळ देशांत प्लगच्या शेजारी बटण नसतं. आपल्याकडे असतं. आणि रात्री झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करणारे एक आजोबा जवळपास प्रत्येक घरात असतात. वीज वाया जाऊ नये, शॉर्टसर्किट होऊ नये, या जाणत्या वयाच्या काळज्या. यंत्र रात्रभर डॉकवर बसतं पण उपाशी. डॉकचा सिग्नलही बंद, म्हणून बाहेर राहिलं तर त्याला घर सापडत नाही. त्या बटणावर चिकटपट्टी लावून त्यावर मराठीत ‘बंद करू नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहितो. इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ज्याच्यासाठी लिहिली त्यानं वाचलीच नव्हती, असंही झालेलं आहे. बटण चालू असूनही चार्ज होत नसेल तर यंत्राच्या पोटाचे आणि डॉकचे धातूचे दोन-दोन पट्टे कोरड्या कापडानं पुसायचे. डॉकच्या पुढची जागा मोकळी हवी. चपलांचा स्टँड पुढ्यात असला की ते येऊन येऊन परत जातं.

बॅटरीचे मृत्यू जूनमध्ये जास्त होतात. मे महिन्यात मंडळी गावाला जातात आणि मेन स्विच बंद करतात. यंत्र मात्र आतून जागंच असतं, थेंबथेंब वीज खात. या बॅटऱ्यांत बहुधा चार लिथियम सेल एकामागे एक असतात, पॅकवर 14.4 व्होल्ट लिहिलेले. महिनाभरात व्होल्टेज इतकं उतरतं की संरक्षक सर्किट बॅटरीला चार्ज घेऊच देत नाही. लांब जाताना यंत्र पूर्ण चार्ज करून त्याचं स्वतःचं बटण बंद करून ठेवावं. मेलेली बॅटरी बाहेरून झटका देऊन उठवणारे लोक आहेत. मी त्यातला नाही. आणि पॅक फुगलेला दिसला तर चर्चाच नको, नवा घाला.

वाय-फायबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बरीच यंत्रं 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात, नवे राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतात, तिथे गोंधळ होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं दिली की सुटतं. वाय-फाय नसलं तरी यंत्रावरचं बटण दाबून केर निघतो, हे मात्र लोक विसरतात. ॲप उघडत नाही म्हणून आठवडाभर घर न झाडलेले साहेब मी पाहिले आहेत.

ॲपमध्ये यंत्राला नाव देता येतं. इथे मला जरा खटकतं. रामू, गंगू, छोटू, शांताबाई अशी नावं. ही नावं कुठून येतात ते उघड आहे. एका घरी तर यंत्राचं नाव आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं नाव एकच होतं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं म्हणे. यंत्रानं श्रम वाचतात, हे खरं, पण तेवढंच खरं नाही. कुणीतरी आधी वायरी उचलाव्या लागतात, सतरंजीचे गोंडे दुमडावे लागतात, खुर्च्या वर ठेवाव्या लागतात, नंतर डबा रिकामा करावा लागतो आणि ब्रशवरचे केस ओढून काढावे लागतात. हे कामही पूर्वी केर काढणाऱ्यांच्याच वाट्याला येतं. ॲपमध्ये त्याची नोंद होत नाही. तिथे फक्त किती चौरस मीटर झाडले तेवढं दिसतं.

म्हणून आता कुणाचा फोन आला की मी मॉडेल नंबर नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘घरात केर कोण काढतं?’ लोक गोंधळतात, काहींना राग येतो. परवा खराडीहून एकांचा फोन आला, यंत्र चार दिवसांपासून दर पाच मिनिटांनी थांबतंय म्हणून. प्रश्न विचारला. ‘आमच्या मावशी काढायच्या. त्या जत्रेला गावी गेल्यात, म्हणून तर हे रोज चालवतोय.’

‘कधी गेल्या?’

‘झाले चार दिवस.’

‘त्या रोज निघायच्या आधी यंत्राचं काही करायच्या का?’

त्यांनी फोन बाजूला धरून बायकोला विचारलं. तिनं आईला विचारलं. मग आईच फोनवर आल्या. ‘ती रोज ते उलटं करून हेअरपिनेनं काहीतरी उकरायची बाई. मी म्हटलं पण तिला, बिघडवशील हं.’

‘काही बिघडवत नव्हत्या,’ मी म्हटलं. ‘तुमच्या मुलाला परत फोन द्या. आणि त्यांना एक हेअरपिन शोधून द्या.’